बेळगावातून स्वस्तात विमानाचं तिकीट कसं काढावं

आमच्या गल्लीत कुणाला विमानानं जायचं असलं की फोन मला येतो. कुणाच्या मुलीला दिल्लीत नोकरी लागलेली असते, कुणाला आईला तपासणीसाठी हैदराबादला न्यायचं असतं, कुणाचा मुलगा फौजेत असतो आणि सुट्टी ऐनवेळी मंजूर झालेली असते. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "तिकीट किती पडंल ओ?" मी आधी त्यांनाच विचारतो, "माणसं किती, सामान किती, परत कधी येणार?" मोबाईलवर दिसतो तो दर आणि घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंत खिशातून गेलेले पैसे, यांत आपल्या सीमाभागात बराच फरक पडतो. पहिल्यांदाच स्वतः तिकीट काढणाऱ्यांना तो फरक आधीच कळावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी विमानतळ, मग तारीख

आपल्याला घरापासून दोन-तीन तासांत गाठता येतील असे पाच विमानतळ आहेत. स्वस्त तिकिटाची सुरुवात त्यांतला एक निवडण्यापासून होते.

पहिला आपला सांबऱ्याचा. शहरापासून साधारण दहा किलोमीटर, बागलकोट रस्त्यावर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली बांधलेला. मोठी टर्मिनल इमारत २०१७ मध्ये झाली. तिकिटाच्या साईटवर याचा कोड आयएक्सजी. शहराचं सरकारी नाव २०१४ मध्ये बदललं, पण काही साईटवर अजून जुनं इंग्रजी नाव आहे. एका नावानं सापडलं नाही तर 'बेळगावला विमानच नाही' असं समजू नका, कोड टाका.

उत्तरेला कोल्हापूरचं उजळाईवाडी, कोड केएलएच. दक्षिणेला हुबळी, कोड एचबीएक्स. पश्चिमेला गोव्यात दोन: दाबोळी, कोड जीओआय, आणि मोपा, कोड जीओएक्स. मोप्याहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटतात.

निपाणीकरांना कोल्हापूर चाळीस-एक किलोमीटर आणि बेळगाव सत्तरच्या वर. त्यांनी सवयीनं सांबऱ्याचं तिकीट शोधण्याआधी उजळाईवाडी बघावं. कित्तूर, बैलहोंगलच्या लोकांनी हुबळी आणि सांबरा दोन्ही तपासावेत. खानापूर आणि बेळगाव तालुक्याला सांबराच सोयीचा. चंदगड भागातली पुष्कळ माणसंही इकडेच येतात.

सांबऱ्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिच्यामुळे लोकांचा फार गोंधळ होतो. २०१९ मध्ये केंद्राच्या 'उडान' योजनेच्या तिसऱ्या फेरीत बेळगाव आलं आणि एकदम बऱ्याच शहरांची विमानं सुरू झाली. या योजनेत साधारण तासाभराच्या उड्डाणातल्या ठरावीक जागांच्या दरावर मर्यादा असते; सुरुवातीला ती अडीच हजारांच्या आसपास होती. पण सरकारचा आर्थिक आधार मिळतो तीन वर्षं. पुढे कंपनीला परवडलं तर विमान चालू, नाहीतर बंद. त्यातून देशभरातल्या विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लहान विमानतळांवर याच दोन वेळांना फेऱ्या वाढतात, कमी होतात किंवा वार बदलतात. म्हणून 'गेल्या वर्षी आमचे साडू इथून थेट गेले होते' यावर विसंबून लग्नाची तारीख कळवू नका. त्या आठवड्यात, त्या वारी विमान आहे का ते आधी बघा.

आता गोव्याचं. तिथं कंपन्या जास्त, विमानं जास्त, त्यामुळे दिल्ली-मुंबईसारख्या मार्गांवर दर पुष्कळदा कमी दिसतो. मोह होतो. तेव्हा कागद घेऊन हिशोब मांडा. खालचे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत.

समजा चौघांना दिल्लीला जायचं आहे. सांबऱ्याहून माणशी ७,०००, म्हणजे २८,०००. मोप्याहून माणशी ५,२००, म्हणजे २०,८००. फरक ७,२०० रुपये. आता मोप्यापर्यंत भाड्याची गाडी, रिकामी परत येण्यासकट, ४,५०० धरा. परतताना पुन्हा तेवढीच. झाले ९,०००. स्वस्त तिकीट अठराशे रुपयांनी महाग पडलं आणि पहाटेच्या विमानासाठी रात्री एकला घर सोडावं लागलं ते वेगळंच. हेच चौघे स्वतःच्या गाडीनं जाऊन दोन दिवसांत परतणार असतील तर इंधन आणि पार्किंग धरूनही गोवा परवडू शकतो. एकट्या माणसाचा फरक जेमतेम अठराशे रुपये. तो बसनं जाणार असेल तर ठीक, टॅक्सी करणार असेल तर सांबराच बरा. गाडीचा खर्च माणसांच्या संख्येनं फारसा बदलत नाही, तिकिटाचा बदलतो. सगळा हिशोब इथंच फिरतो.

पावसाळ्यात मात्र मी गोव्याचं तिकीट सुचवत नाही. चोर्ला घाटातून जा नाहीतर आंबोलीवरून सावंतवाडीला उतरा, जून ते सप्टेंबर दाट धुकं असतं, मध्येच झाड किंवा दरड येते आणि तासभर गाडी हलत नाही. जायचंच असेल तर दोन तास हातात ठेवून निघा.

आणि गोव्याचं तिकीट काढताना जीओआय की जीओएक्स हे जाता-येता दोन्ही वेळा वाचा. माझा मावसभाऊ मोप्याहून गेला, गाडी तिथल्या पार्किंगमध्ये लावली आणि परतीचं तिकीट तीनशे रुपये स्वस्त दिसलं म्हणून घेतलं. ते दाबोळीचं होतं. रात्री साडेदहाला माणूस दाबोळीला, गाडी मोप्याला, मध्ये साठ किलोमीटरच्या वर रस्ता. मुंबईतही आता हेच झालंय: डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू आहे, म्हणजे 'मुंबई' एवढं वाचून पुरत नाही. दिल्लीच्या शोधात गाझियाबादजवळचं हिंडनही दिसू शकतं. कुठं उतरणार आणि तिथून पुढं कसं जाणार, हे पैसे भरण्याआधी बघा.

आणखी एक. जिथं रेल्वे चांगली आहे तिथं विमानाचा हट्ट नको. पुण्याला हुबळी-पुणे वंदे भारत बेळगाववरून जाते. बंगळूरला रात्रीची राणी चन्नम्मा आहेच, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बंगळूर वंदे भारतही धावते. विमानतळावर आधी जाण्याचा आणि तिकडे शहरात पोचण्याचा वेळ धरला तर फरक वाटतो तेवढा उरत नाही. विमानाच्या दराशेजारी रेल्वेचं भाडं लिहा आणि मग ठरवा.

दर वर-खाली का होतो

एकाच विमानातल्या जागा कंपनी वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकायला ठेवते. सर्वात स्वस्त गटात थोड्या जागा, त्या संपल्या की पुढचा गट, मग त्याच्या पुढचा. सकाळी बघितलेला दर संध्याकाळी वाढला तर बहुतेक वेळा खालचा गट संपलेला असतो. आपण पुन्हा पुन्हा बघतो म्हणून साईट दर वाढवते आणि ब्राउझरच्या 'इन्कॉग्निटो' खिडकीतून लपून बघितलं की कमी होतो, यावर फार वेळ घालवू नका.

या गटांमुळे एक युक्ती करता येते. तुम्ही चौघांसाठी शोधलंत आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर पुष्कळदा चौघांनाही वरच्या गटाचा दर लागतो. म्हणून आधी एका माणसाचा दर बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. माणशी दर कुठं उडी मारतो ते लगेच दिसतं. तिथं दोन-दोन करून दोन तिकिटं काढली की दोघांचे तरी पैसे वाचतात. लहान मूल बरोबर असेल तर मात्र त्याला आई किंवा वडिलांच्या तिकिटातच ठेवा. बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच बुकिंगमधल्या एका पालकाशेजारी जागा द्यावी, असा विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, कंपन्यांना आदेश आहे.

किती आधी काढावं? साध्या दिवसांसाठी महिना-दीड महिना पुरेसा. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यासाठी मी अडीच-तीन महिने आधी बसतो, कारण त्या दिवसांत मुंबईची, बंगळूरची आपलीच माणसं गावाकडे निघालेली असतात. आपल्याकडचा आणखी एक गर्दीचा काळ बाहेरच्यांना ठाऊक नसतो: डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. त्या दिवसांत बंगळूरच्या विमानात जागा पटापट जातात. तुमचं काम पुढे-मागे होण्यासारखं असेल तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्यावर ते आठवडे टाळा.

तारीख हलवता येत असेल तर गुगल फ्लाइट्ससारख्या ठिकाणी कॅलेंडर उघडा, महिनाभराचे दर एका नजरेत दिसतात. शुक्रवार आणि रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार बहुधा स्वस्त. दर पटला की घ्या. अजून शंभर-दोनशे उतरतील म्हणून थांबलेल्या माणसाला हजार जास्त भरताना मी पुष्कळदा बघितलंय.

शोधा कुठंही, काढा शक्यतो कंपनीच्या साईटवर

तुलना करणाऱ्या साईट सगळ्या कंपन्या एकत्र दाखवतात, त्यासाठी त्या उत्तम. पण तिकीट काढण्याआधी त्याच विमानाचा दर कंपनीच्या स्वतःच्या साईटवर बघा. फरक शे-दोनशेचा असेल तर मी डोळे झाकून कंपनीकडून घेतो. तारीख बदलायची, नाव दुरुस्त करायचं, पैसे परत मागायचे, कुठलंही काम निघालं तरी एकाच दारात जायचं असतं. मध्यस्थाकडून घेतलं की कंपनी म्हणते एजंटला विचारा आणि एजंट म्हणतो कंपनीला.

तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या रकमेची करा. पहिल्या पानावर ४,२०० दिसतात आणि पैसे भरताना ४,९०० होतात. मधल्या पानांवर काय काय चढतं ते बघा: कन्व्हिनियन्स फी (म्हणजे ऑनलाईन बुकिंगचं शुल्क), आधीच टिक केलेला विमा, पसंतीच्या सीटचे पैसे, जेवण. विमा नको असेल तर टिक काढा. सीट निवडण्याचं पान 'स्किप' करता येतं. वेब चेक-इनच्या वेळी, म्हणजे प्रवासाआधी साईटवर बोर्डिंग पास काढताना, कंपनी एक सीट फुकट देते, फक्त ती मधली असू शकते. तासाभराच्या प्रवासाला काय बिघडतं?

सवलती विसरू नका. विद्यार्थी, साठ वर्षांवरचे ज्येष्ठ आणि सैन्यदलातली माणसं यांच्यासाठी अनेक कंपन्यांचे वेगळे दर असतात. चिकोडी, निपाणी, खानापूरकडे घरटी एखादा फौजी असतो, तरी हा पर्याय कितीतरी जण उघडूनही बघत नाहीत. विद्यार्थ्यांच्या तिकिटात काही ठिकाणी जादा सामानही मिळतं. पण सवलत बहुधा मूळ भाड्यावर असते, एकूण रकमेवर नाही. कधी कधी साधं तिकीटच त्याहून स्वस्त निघतं, तेव्हा दोन्ही बघा. आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. काउंटरवर दाखवता आलं नाही तर फरकाचे पैसे भरावे लागतात.

नाव आणि मोबाईल नंबर

सर्वात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

आधार कार्ड समोर ठेवा आणि त्यावर इंग्रजीत जसं लिहिलंय तसंच, अक्षर न् अक्षर, नाव टाका. आपल्या भागात एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतं. शाळेच्या दाखल्यावर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं, मतदार कार्डावर नुसती आद्याक्षरं, आधारवर आडनाव आधी. यल्लाप्पामध्ये एक 'एल' की दोन, लक्ष्मणमध्ये 'एक्स' की 'केएसएच', हे पाठ आहे म्हणून टाकू नका. कार्डावर बोट ठेवून टाका. जो कागद विमानतळावर दाखवणार, त्याच्यावरून नाव. 'फर्स्ट नेम'च्या चौकोनात पहिलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, 'लास्ट नेम'मध्ये आडनाव. कार्डावर आडनावच नसेल तर काय टाकायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेव्हा पैसे भरण्याआधी त्यांच्या हेल्पलाईनला विचारा.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर जातं, त्याचं वेगळं, कमी भाडं असतं. पण ते तिकिटात टाकावंच लागतं आणि जन्मदाखला बरोबर लागतो. दोन वर्षं पूर्ण झाली की पूर्ण सीट आणि जवळपास पूर्ण भाडं.

आता मोबाईल नंबर. मी सुरुवातीला तिकिटं एका ओळखीच्या एजंटकडून काढायचो. त्यानं सवयीनं स्वतःचाच नंबर टाकला. कंपनीनं विमान दोन तास अलीकडे आणलं, मेसेज त्याच्या मोबाईलवर गेला आणि शंभर मेसेजांत बुडाला. मी आईला घेऊन सांबऱ्याला पोचलो तेव्हा काउंटरवर कुणी नव्हतं. आईनं नवीन साडी नेसली होती, पहिल्यांदा विमानात बसणार होती. ती बाकावर बसून मलाच म्हणाली, "असू दे रे, पुढच्या खेपेला जाऊ." त्या दिवसापासून कुणाचंही तिकीट काढताना प्रवाशाचा किंवा त्याच्या मुलाचा चालू नंबर टाकल्याशिवाय मी पुढच्या पानावर जात नाही. तुम्ही एजंटकडून काढणार असाल, आणि इंग्रजी जमत नसेल तर जरूर काढा, तर त्याला दोन गोष्टी सांगा: नंबर माझा टाका, आणि तिकिटाची पीडीएफ मला पाठवा. घरी आल्यावर कंपनीच्या साईटवर पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा बुकिंग नंबर, टाकून तिकीट खरंच दिसतं का ते तपासा.

काढल्यानंतरचे पहिले चोवीस तास

तिकीट आलं की त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा: नाव, तारीख, वेळ, कुठून, कुठं. बारा वाजून दहा मिनिटांचं विमान रात्रीचं असतं तेव्हा तारखेचा घोळ हमखास होतो.

चूक सापडली तर उशीर करू नका. डीजीसीएच्या नियमानुसार बुकिंगनंतर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत तिकीट दंडाशिवाय रद्द करता किंवा बदलता येतं. बदलताना नव्या विमानाचा दर जास्त असेल तर तेवढा फरक भरायचा. अट अशी की प्रवास सात दिवसांपेक्षा जवळ नसावा आणि तिकीट कंपनीच्या साईटवरून काढलेलं असावं. नावातलं एखादं अक्षर चुकलं असेल तर लगेच फोन करा, पहिल्या दिवशी ते सहज होतं.

हेल्पलाईनचा नंबर कंपनीच्या साईटवरून किंवा तिकिटावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून वर दिसणाऱ्या खोट्या नंबरांवर लोकांनी ओटीपी सांगून पैसे घालवलेत.

पुढे तिकीट रद्द करायची वेळ आली तर रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. स्वस्त तिकिटात तेवढे सगळे जातात, पण कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. विमान चुकलं तरी मिळतं. हे मागावं लागतं, आणि मागणारे फार थोडे. क्रेडिट कार्डावरचे पैसे सात दिवसांत परत यायला हवेत.

कंपनीनंच विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तरी हाच हक्क आहे. लांबलेल्या विमानासाठी थांबावं लागलं तर ठरावीक वेळेनंतर खाणं-पिणं द्यायला हवं, काउंटरवर शांतपणे मागा.

जोडविमान घेताना, म्हणजे सांबरा ते बंगळूर आणि तिथून पुढे, दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान पावसामुळे उशिरा सुटलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं जोडून पाचशे रुपये वाचवलेत आणि पुढचं विमान चुकलं, तर सगळा खर्च तुमचा.

सामान

देशांतर्गत बहुतेक तिकिटांत चेक-इनचं, म्हणजे काउंटरवर द्यायचं, सामान पंधरा किलो आणि हातातली एक बॅग सात किलो. तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा, काही स्वस्त तिकिटांत चेक-इनचं सामान नसतंच. आपण जाताना कुंदा, गोकाकचा करदंट, तांदूळ, मसाला असं सगळं बांधून देतो आणि काउंटरवर काटा वीस दाखवतो. तिथं जादा किलोचा दर फार लागतो. तेच साईटवरून आधी घेतलं तर स्वस्त. घरी वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग उचलून उभे राहा, फरक म्हणजे बॅगेचं वजन.

लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते नीट बांधून चेक-इनला द्या. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत ठेवू नका, त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरतात. पॉवर बँक मात्र उलट: फक्त हातातल्या बॅगेत.

निघायच्या दिवशी

आदल्या दिवशी वेब चेक-इन करा आणि बोर्डिंग पास मोबाईलवर तसंच कागदावरही ठेवा. सांबरा लहान आहे, आत गर्दी कमी, म्हणून लोक अगदी शेवटी पोचतात. पण काउंटर बहुतेक कंपन्यांचं सुटण्याच्या साठ मिनिटं आधी बंद होतं, विमानतळ लहान असो की मोठा. दीड-दोन तास आधी पोचा. दारावर तिकीट आणि मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं, झेरॉक्स चालत नाही.

इथून सुटणारी काही विमानं लहान असतात, डोक्यावरचा कप्पाही लहान. हातातली बॅग मोठी आणि कडक असेल तर ती जिन्यापाशीच घेऊन खालच्या सामानात ठेवतात. तसं झालं तर बॅग देण्याआधी औषधं, पैसे, कागदपत्रं आणि ती पॉवर बँक काढून पिशवीत घ्या. एक रिकामी कापडी पिशवी म्हणूनच बरोबर असू द्या. परतीचं विमान रात्री उतरणार असेल तर सांबऱ्याहून शहरात यायला कोण येणार ते निघतानाच ठरवा.